वाचकांचे प्रश्न : घण, तुंबा आणि गाण्याची साक्ष

मागील अंकाच्या सदरात अमेरिकेतील जुन्या लोकगीतांचा ओझरता उल्लेख आला होता आणि त्या ओघात ‘या गाण्यांतील बहुतेक माणसे खरोखरच होऊन गेली’ असे एक वाक्य मी लिहून गेलो होतो. ते वाक्य सैल होते, हे नागपूरकर वाचकांनी लगोलग दाखवून दिले. माणूस होऊन गेला म्हणजे गाण्यात सांगितले तसेच सारे घडले काय, असा बहुतेक पत्रांचा रोख आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : रेल्वेच्या बांधकाम विभागात मी छत्तीस वर्षे काढली. जॉन हेन्री नावाच्या मजुराने बोगदा खोदताना वाफेच्या यंत्राशी पैज लावली, ती जिंकली आणि हातात घण असतानाच प्राण सोडला, ही कथा नातवाच्या इंग्रजीच्या पुस्तकात वाचली. खडक फोडण्याचे काम जवळून पाहिलेल्या माणसाला ती निम्मी पटते, निम्मी पटत नाही. नेमके काय घडले होते?
— एक निवृत्त वाचक, अजनी

उत्तर : आपल्याला जे निम्मे पटले नाही, त्याचाच शोध अभ्यासक सुमारे शंभर वर्षे घेत आहेत. गाण्यात जागा सहसा स्पष्ट सांगितलेली असते : वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील टॅल्कॉट गावाजवळचा बिग बेंड बोगदा. चेसापीक अँड ओहायो रेल्वेसाठी १८७० ते १८७२ च्या सुमारास खोदलेला हा बोगदा मैलाहून अधिक लांब आहे आणि तेथे आज जॉन हेन्रीचा पुतळाही उभा आहे. इतिहासकार स्कॉट नेल्सन यांनी मात्र २००६ च्या आपल्या पुस्तकात वेगळीच जागा पुढे केली. त्यांच्या मते बिग बेंडवर वाफेचे ड्रिल वापरलेच गेले नव्हते. माणूस आणि यंत्र शेजारी शेजारी राबत होते ते त्याच मार्गावर पूर्वेकडे असलेल्या लुईस बोगद्यात, आणि तेथील माणसे म्हणजे व्हर्जिनियाच्या रिचमंड येथील तुरुंगातून मजुरीला दिलेले कैदी होते.

त्या तुरुंगाच्या नोंदवहीत १८६६ मध्ये दाखल झालेला जॉन विल्यम हेन्री नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण सापडतो. वय १९ वर्षे, घरफोडी व चोरीबद्दल दहा वर्षांची शिक्षा, आणि उंची जेमतेम पाच फूट सव्वा इंच. गाण्यातील जॉन हेन्री डोंगराएवढा आहे; नोंदवहीतील हा मुलगा आपल्या खांद्यालाही लागणार नाही. काही वर्षांनंतर त्याचे नाव वहीतून नाहीसे होते, आणि सुटका, माफी किंवा मृत्यू यांपैकी कोणतीच नोंद त्यापुढे नाही. गाण्याच्या काही पाठांत त्याला ‘पांढऱ्या घरा’कडे नेऊन वाळूत पुरले असे येते. श्रोते ते राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान समजत आले. नेल्सन यांच्या मते ती रिचमंडच्या तुरुंगातील चुना फासलेली इमारत होय. १९९२ मध्ये त्या तुरुंगाच्या आवारात खोदकाम चालू असताना सुमारे तीनशे मानवी सांगाडे निघाले, हे या म्हणण्याला मिळालेले मोठे बळ. तरीही सर्वांनी ते स्वीकारलेले नाही. जॉन गार्स्ट यांच्यासारखे अभ्यासक ही घटना १८८७ मध्ये अलाबामा राज्यातील लीड्स गावाच्या परिसरात घडली असे मांडतात. मला स्वतःला लुईस बोगद्याची बाजू भक्कम वाटते, पण तो पाच फुटी मुलगाच गाण्यातला नायक होता, हे शेवटचे पाऊल टाकण्याइतका पुरावा हातात आहे असे वाटत नाही.

आता कामाची बाब, जी आपल्याला माझ्यापेक्षा अधिक कळेल. सुरुंगाचे भोक पाडताना एक माणूस पोलादी पहार खडकाला टेकवून धरून बसत असे आणि दुसरा तिच्या डोक्यावर घण घालीत असे. प्रत्येक घावानंतर धरणाऱ्याने पहार किंचित फिरवायची आणि हलवून भोकातला भुगा मोकळा करायचा. तेवढ्या अवधीत घण पुन्हा वर गेलेला असे. हात चुकला तर धरणाऱ्याची बोटे जात. म्हणून घाव आणि फिरवणे यांचे माप गाण्याने बांधलेले होते : ओळ म्हणायची, घाव घालताना हुंकार द्यायचा, आणि हुंकारानंतरच्या क्षणभराच्या शांततेत पहार फिरायची. रूळ सरकवताना गँगमन मंडळींची ‘जोर लगा के’ची आरोळी आणि तिला मिळणारी ‘हैशा’ची साथ आपण अजनीच्या यार्डात शेकडो वेळा ऐकली असेल; जात तीच.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जॉन हेन्रीची गाणी दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात जन्मापासून मृत्यूपर्यंतची सलग कथा आहे. तीत पैज, यंत्राचे नऊ फूट, त्याचे चौदा फूट आणि विजय हे सारे येते. दुसरा प्रकार खुद्द घण मारताना म्हणायच्या संथ गाण्यांचा. त्यांत पराक्रमाचे कौतुक नाही. या घणाने जॉन हेन्रीचा जीव घेतला, माझा घेऊ देणार नाही, एवढाच त्यांचा आशय आहे. म्हणजे मुकादम वेग वाढवायला सांगत असताना मजूर एकमेकांना वेग आवरायला सांगत होते. नेल्सन यांच्या मते लुईस बोगद्यातील अनेक मजूर छाती फुटून नव्हे, तर खडकाची बारीक धूळ फुप्फुसांत साचून पुढे हळूहळू मेले. पैजेच्या कथेत तो मृत्यू एका दुपारी उरकतो. काम करताना म्हटलेल्या गाण्यांत मात्र तो रोजचा आहे, आणि माझ्या मते जुनी व अधिक खरी साक्ष याच गाण्यांची आहे.

आपल्याकडे बोरघाटातील शिंग्रोबा धनगराची कथा अशीच आहे. त्याने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि श्रेय द्यावे लागू नये म्हणून साहेबाने त्यालाच संपवले, असे लोक सांगतात. घाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला याचे कागद आहेत. शिंग्रोबाचे मात्र देऊळ आहे, आणि त्यापुढे नाणे टाकल्याशिवाय जुने ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसत.

प्रश्न : मी नॅरोगेजवर वाफेची इंजिने चालवली आहेत. केसी जोन्सच्या गाण्यात ड्रायव्हर शूर ठरतो, पण रेल्वेच्या चौकशीत तोच दोषी ठरला असे वाचले. खरे कोणाचे?
— एक वाचक, मोतीबाग

उत्तर : येथे माणूस, गाडी, तारीख आणि वेळ या चारही गोष्टी निश्चित आहेत. जॉन ल्यूथर जोन्स हा इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा ड्रायव्हर. केंटकीतील केसी गावाकडून आला म्हणून लोक त्याला केसी म्हणत. २९ एप्रिल १९०० च्या रात्री तो आपली पाळी संपवून मेम्फिसला पोहोचला असता दुसरा ड्रायव्हर आजारी असल्याने त्याने परतीची प्रवासी गाडी स्वीकारली. गाडी दीड तासाहून अधिक उशिरा, मध्यरात्रीनंतर सुटली. कॅन्टनपर्यंतच्या १८८ मैलांत तो उशीर त्याने जवळजवळ पूर्ण भरून काढला होता. पहाटे चारच्या सुमारास मिसिसिपीतील व्हॉन स्थानकात दोन मालगाड्या बाजूच्या रुळांवर मावत नव्हत्या आणि त्यांतील एकीचा ब्रेकच्या हवेचा होजपाइप फुटल्याने काही डबे मुख्य मार्गावरच अडकून पडले होते. वळणावरून ते दिसताच केसीने फायरमन सिम वेब याला उडी मारण्यास सांगितले आणि स्वतः ब्रेक धरून राहिला. एवढ्या अपघातात मेला तो एकटा केसी.

चौकशी अहवालात ठपका त्याच्यावर आला : मागे पाठवलेल्या माणसाच्या झेंड्याकडे व चाकाखाली वाजणाऱ्या, रुळावरील फटाक्याच्या इशाऱ्याकडे त्याने लक्ष दिले नाही. सिम वेब मात्र पुढे सांगत राहिला की झेंडा घेतलेला माणूस त्याला दिसला नव्हता आणि फटाकाही ऐकू आला नव्हता. वेळ भरून काढणाऱ्या ड्रायव्हरचे आधी कौतुक करायचे आणि गाडी आदळली की तोच वेग त्याचा गुन्हा ठरवायचा, हा रिवाज आपणास मी समजावून सांगण्याची गरज नाही.

गाणे रचले ते कॅन्टनच्या शेडमधील वॉलेस सॉन्डर्स या कृष्णवर्णीय कामगाराने. तो इंजिने पुसत असे. आपल्या शेडमध्ये अशा माणसाला क्लीनर म्हणत. केसीचे इंजिनही त्याच्या हाताखालून गेलेले. त्याने एका जुन्या चालीवर गाणे बांधले, ते शेडमधून बाहेर पडले, आणि १९०९ मध्ये नाटकमंडळीसाठी लिहिणाऱ्या दोघांनी ते आपल्या पद्धतीने सजवून छापले. सॉन्डर्सला त्यातून काही मिळाले नाही. छापील गाण्याने केसीला मिसिसिपीतून उचलून थेट पश्चिमेकडच्या मार्गावर नेऊन ठेवले. त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या कडव्यात त्याची बायको मुलांना ‘रडू नका, दुसऱ्या लाइनवर तुम्हाला आणखी एक बाप आहे’ असे सांगते. केसीची पत्नी जेनी या ओळीविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिली. १९५८ मध्ये तिचे निधन झाले, तोवर ते कडवे देशभर पाठ झाले होते. ज्या कामगाराला केसी जवळून ठाऊक होता, त्याच्या हातून ती ओळ निघाली असेल असे मला वाटत नाही; ती प्रेक्षागृहातल्या हशासाठी घातलेली दिसते.

दोन वर्षांतच, १९११ मध्ये, कामगार चळवळीतील गीतकार जो हिल याने त्याच चालीवर दुसरे गाणे रचले. त्यात केसी हा संप फोडणारा फितूर आहे. मेलेल्या ड्रायव्हरला असे वापरण्यात अन्यायच आहे, पण गाणे एकदा चालले की त्यातले नाव कोणाच्या मालकीचे राहत नाही.

प्रश्न : शाळेत भूगोल शिकवते. गुलामगिरीतून पळणाऱ्यांना एका गाण्यात सप्तर्षींच्या आधारे उत्तरेचा मार्ग सांगितला होता, असे मुलांना सांगत आले आहे. आता सहकारी म्हणतात की ही दंतकथा आहे. मी चुकीचे शिकवले काय?
— एक शिक्षिका, धरमपेठ

उत्तर : आकाशाचा भाग पूर्णपणे बरोबर शिकवलात. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्या ताऱ्यांत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना लांब दांड्याचा, पाणी प्यायचा सुका भोपळा दिसत असे. पूर्व विदर्भातल्या ज्या घरात अजून तुंबा टांगलेला आहे, तेथील मुलांना ही उपमा पटकन समजेल. या भोपळ्याच्या तोंडाकडील दोन ताऱ्यांतून काढलेली रेषा ध्रुवाकडे जाते. आपल्या शाळेच्या गच्चीवरून ध्रुव क्षितिजावर सुमारे २१ अंश दिसतो. जेथून या गाण्यातील वाट सुरू होते, त्या अलाबामातील मोबील शहराजवळ तो ३१ अंशांच्या थोडा आत दिसतो. मुलांना हे मोजायला लावता येईल.

‘फॉलो द ड्रिंकिंग गोर्ड’ म्हणजे ‘भोपळ्याच्या मागे चला’ या गाण्याची कथा अशी की एक लाकडी पायाचा खलाशी मळ्यामळ्यांतून फिरे, गुलामांना हे गाणे शिकवी आणि नदीकाठच्या वाळलेल्या झाडांवर एका डाव्या पावलाची व एका वाटोळ्या ठशाची खूण कोरून पुढे जाई. टॉमबिग्बी नदीने वर जा, टेकड्या ओलांडून दुसरी नदी धरा, ती मोठ्या नदीला मिळेल तेथे माणूस उभा असेल, असा तो मार्ग. हे सारे प्रथम छापले गेले १९२८ मध्ये, टेक्सासच्या लोकसाहित्य संस्थेच्या ग्रंथात. लिहिणारे एच. बी. पार्क्स सांगतात की त्यांनी ते १९१२ पासून तीन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकले. गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. मधल्या काळातील कोणत्याही संग्रहात वा आत्मचरित्रात हे गाणे आढळत नाही. आज जे लोकप्रिय आहे ते तर १९४७ मध्ये ली हेज यांनी नव्याने बांधलेले आहे, आणि त्यातील बरेच शब्द पार्क्स यांच्या पाठात नाहीत. म्हणून ‘हे गाणे गात शेकडो लोक पळाले’ हे वाक्य वर्गातून काढून टाकावे.

पण गाण्यांत छुपा अर्थ असे, ही गोष्ट सोडू नये, कारण तिला फार चांगले पुरावे आहेत. स्वतः गुलामगिरीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की ते आणि त्यांचे सोबती बायबलातील कनान देशाला जाण्याची गाणी म्हणत तेव्हा त्यांचा कनान म्हणजे गुलामगिरी नसलेला उत्तरेकडचा प्रदेश होता. हॅरिएट टबमन यांच्या १८६९ च्या चरित्रात, लपलेल्या माणसांना बाहेर यावे की थांबावे हे त्या भजनांनी कळवीत, असे आले आहे. टॉमस हिगिन्सन या कृष्णवर्णीय पलटणीच्या कर्नलने १८६७ मध्ये नोंदवले की यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा साउथ कॅरोलायनातील जॉर्जटाउन येथे ‘आम्ही लवकरच मुक्त होऊ’ या आशयाचे भजन म्हटल्याबद्दल लोकांना तुरुंगात टाकले होते. भजनात देवाघरी जाण्याची भाषा होती, तरीही मालकांना त्यातला दुसरा अर्थ कळला होता.

या भजनांना नकाशा लागत नव्हता. नद्यांची नावे, झाडावरच्या खुणा आणि ठरलेला माणूस इतके सारे एका गाण्यात उघडपणे घालणे हे पळणाऱ्याच्या दृष्टीने धोक्याचेच होते, असा माझा कयास आहे. एवढा तपशील सहसा नंतर, धोका टळल्यावर, सांगणाऱ्याच्या मनात येतो.

प्रश्न : टॉम डूली या गाण्यात खुन्याविषयी एवढी माया का? आणि त्याचे खरे नाव वेगळेच होते म्हणतात, ते कसे?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : नाव टॉम ड्युला. अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातील बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘आ’ सहज ‘ई’ होतो, म्हणून ड्युलाचा डूली झाला. सीताबर्डीचे जुन्या इंग्रजी कागदांत सिताबुल्डी झाले आणि आपल्या तोंडी नुसते बर्डी उरले, तसेच काहीसे. उच्चार तोंडात राहिला, स्पेलिंग न्यायालयाच्या दप्तरात.

नॉर्थ कॅरोलायनातील विल्क्स काउंटीत मे १८६६ मध्ये लॉरा फॉस्टर नावाची तरुणी बेपत्ता झाली आणि पुढे उथळ खड्ड्यात तिचे प्रेत सापडले. ड्युला नुकताच हरलेल्या दक्षिणी सैन्यातून परतलेला. तो टेनेसीत पळाला, तेथे जेम्स ग्रेसन यांच्या शेतावर काही दिवस राबला आणि ग्रेसन यांच्याच मदतीने पकडला गेला. त्याचे वकीलपत्र घेतले ते युद्धकाळात त्या राज्याचे गव्हर्नर असलेल्या झेब्युलन व्हान्स यांनी. दोनदा खटला चालला, आणि १ मे १८६८ रोजी स्टेट्सव्हिल येथे त्याला फाशी झाली. त्याची दुसरी प्रेयसी अ‍ॅन मेल्टन हिच्यावरही आरोप होता. फाशीपूर्वी ड्युलाने लिहून ठेवले की लॉराच्या खुनात आपल्याशिवाय कोणाचाच हात नव्हता, आणि अ‍ॅन सुटली. तिला वाचवण्यासाठीच त्याने दोष अंगावर घेतला, असे त्या भागात आजही मानले जाते. आपण विचारलेल्या मायेचे मूळ या चिठ्ठीत आहे.

गाण्यात ग्रेसनचे नाव एका ओळीपुरते येते. तेवढ्या जागेतून लोकांनी त्याला शेरीफ केले, कोणी लॉराचा दुसरा प्रियकर केले. तो यांपैकी काहीच नव्हता. १९३८ मध्ये फ्रँक प्रॉफिट या डोंगरी गायकाने आपल्या घरात चालत आलेले हे गाणे फ्रँक वॉर्नर या संग्राहकाला दिले. वीस वर्षांनी किंग्स्टन ट्रिओ या तरुण त्रिकुटाने त्याची तबकडी काढली आणि ती प्रचंड खपली. लॉराविषयी मात्र गाण्यात फार थोडे आहे. मेलेल्या मुलीला गाण्यात फक्त मरण्यापुरती जागा द्यावी, ही या जातीच्या बहुतेक गाण्यांची खोड मला कायम खटकत आली आहे.

प्रश्न : माझ्याजवळ आईने म्हटलेली भुलाबाईची गाणी वहीत उतरवलेली आहेत. शेजारणीच्या वहीत तीच गाणी निराळी आहेत. अमेरिकेतील गाणीही इंग्लंडमधून येताना अशीच बदलली का? मूळ पाठ कोणता धरायचा?
— एक वाचक, महाल

उत्तर : बार्बरा अ‍ॅलन हे उदाहरण घेऊ. लंडनचे सॅम्युएल पीप्स यांनी २ जानेवारी १६६६ च्या रोजनिशीत एका नटीच्या तोंडून हे ‘लहानसे स्कॉच गाणे’ ऐकून आनंद झाल्याचे लिहिले आहे. पुढे ते वसाहतींत गेले आणि डोंगरदऱ्यांत इतके रुजले की अमेरिकेत सर्वाधिक वेळा टिपून घेतलेल्या जुन्या कथागीतांत त्याची गणना होते. कथा साधी आहे. प्रेमाने झुरणारा तरुण मरणशय्येवरून बार्बराला बोलावतो. ती सावकाश येते, ‘तू मरतो आहेस असे दिसते’ एवढे म्हणून परत जाते. त्याच्या मृत्यूची घंटा ऐकून मग तीही मरते. ती एवढी कठोर का? काही पाठांत कारण दिलेले आहे : गुत्त्यात सर्वांच्या नावाने पेला उंचावताना त्याने तिला वगळले होते. अनेक अमेरिकी पाठांत हे कडवे गळून पडले आणि बार्बरा अकारण निष्ठुर झाली. शेवट मात्र कोणी विसरले नाही : एकाच्या थडग्यातून गुलाब, दुसऱ्याच्या थडग्यातून काटेरी वेल, आणि चर्चच्या भिंतीवर दोघांची गाठ.

हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात अशी ३०५ कथागीते क्रमांक देऊन छापली; बार्बरा अ‍ॅलनचा क्रमांक ८४. आपल्याला सांगण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी एक ‘मूळ’ पाठ ठरवून बाकीचे टाकून दिले नाहीत, मिळाले तेवढे पाठ एकाखाली एक छापले. मात्र ते प्रामुख्याने छापील व हस्तलिखित कागदांवर विसंबले. १९१६ ते १९१८ मध्ये इंग्लंडचे सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस हे अ‍ॅपलाचियन खेड्यांतून पायपीट करीत फिरले. शार्प चाल लिहून घेत आणि कार्पेलिस शब्द. सोळाशेहून अधिक चाली त्यांनी जमवल्या. पण शार्प यांना तेथे जुने इंग्लंडच शोधायचे होते, म्हणून त्याच डोंगरांतील कृष्णवर्णीय गायकांकडे त्यांनी जवळजवळ पाठच फिरवली. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी त्या देशात आणले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या वहीत काय राहून गेले असेल याची कल्पना येते.

तेव्हा आपल्या वहीतील पाठ आपल्या आईचा, शेजारणीच्या वहीतील तिच्या आईचा. दोन्ही ठेवावेत. प्रत्येक गाण्याखाली म्हणणारीचे नाव, माहेरचे गाव आणि ते कोणाकडून शिकली हे लिहावे, आणि चाल मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. कोजागरी संपल्यावर चाल आठवेनाशी होते, हे आपण अनुभवले असेलच. १९३७ मध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी केंटकीतील मिडल्सबरो येथे जॉर्जिया टर्नर या १६ वर्षांच्या मुलीकडून ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ ध्वनिमुद्रित केले तेव्हा तिचे नाव आणि गाव नोंदवले होते. पुढे ते गाणे जगभर कोणी कोणी गायले, पण ते त्या मुलीकडून टिपले होते हे आज सांगता येते, ते त्या नोंदीमुळे.

प्रश्न : ही सगळी गाणी एकोणिसाव्या शतकातली किंवा बाहेरून आलेली दिसतात. खुद्द अमेरिकेत जन्मलेले सर्वांत जुने कोणते?
— एक विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : सर्वांत जुने असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण अगदी आरंभीच्या गाण्यांत ‘स्प्रिंगफील्ड माउंटन’चे नाव घेतले जाते. मॅसॅच्युसेट्समधील त्या ठिकाणाला आता विल्ब्रॅम म्हणतात. ७ ऑगस्ट १७६१ रोजी टिमथी मेरिक हा तरुण गवत कापत असताना त्याला खुळखुळ्या साप चावला आणि दोनतीन तासांत तो गेला. गावच्या दप्तरात त्याचे वय २२ वर्षे, दोन महिने, तीन दिवस असे लिहिलेले आहे, आणि त्याचे लग्न अगदी जवळ आले होते हेही. आपल्याकडे पोळ्याच्या आगेमागे बांधावर अशी बातमी दर वर्षी येते, त्यामुळे गाण्याचा पहिला, शोकाचा पाठ समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्या शतकात हे गाणे रंगभूमीवर गेले आणि त्याचे हसे झाले. नव्या पाठात टिमथीची नियोजित वधू धावत येते आणि त्याच्या टाचेतले विष तोंडाने ओढून काढू लागते. दुर्दैवाने तिचा एक दात किडलेला असतो. विष त्या दातात शिरते आणि दोघेही मरतात.